आधी आलेल्या गोळ्या

कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाती घरात एक खण लागला, तरी तो त्याचं स्टोअर करतो. बायकोला थायरॉईड कमी असल्याचं निघालं, डॉक्टरीणबाईंनी रोज पंचवीस मायक्रोग्रॅमची एक गोळी लिहून दिली, आणि त्याच संध्याकाळी स्टोअरकीपरने कपाटाच्या मधल्या खणाला पुठ्ठ्याचं कार्ड लटकवलं: आवक, जावक, शिल्लक. गोळ्या एकदम वर्षभराच्या आणल्या. माल संपून काम अडणं त्याला माणुसकीला धरून वाटत नसे.

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं. बाईंनी गोळी पन्नासची केली. पन्नासच्या पट्ट्या आल्या आणि पंचवीसच्या मागे जाऊन बसल्या. आधी आलेला माल आधी बाहेर, या नियमाखातर त्याने एकदा खुद्द मॅनेजरला रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. पुढच्या सहा आठवड्यांनी शंभरची झाली. शंभरची खोकी पन्नासच्या मागे गेली.

इकडे बायको दिवसेंदिवस सुजत आणि थिजत चालली. भर उन्हात शाल गुंडाळून बसायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. चमच्याकडे बोट दाखवून "ते आपलं... हे..." म्हणत थांबायची. एका दुपारी तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"हे मीठ. ही साखर. नीट बघून ठेवा, माझ्यामागे चहात मीठ घालाल."

"कसलं तुझ्यामागे? भलतंसलतं बोलू नकोस."

"डब्यांना चिठ्ठ्या लावा म्हणजे झालं."

त्याने चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर टपोरं आलं.

तिसरा रिपोर्ट बघून बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, गोळी उपाशीपोटीच ना?"

"सकाळी सहाला. साध्या पाण्याबरोबर."

"आणि चहा?"

"पाऊण तासाने. गजर लावतो."

"कॅल्शियमची गोळी सोबत नाही ना देत?"

"मध्ये चार तास सोडतो."

"एखादा दिवस चुकला?"

"डॉक्टर, माझ्या हातून?" स्टोअरकीपर दुखावला.

"मग शंभर घेऊनही हे आकडे कसे? मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. आत दुसरंच काही असलं तर..."

"वाचेल ना ती?" हे त्याने इतक्या हळू विचारलं, की बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आधी उद्या मला त्या गोळ्या आणून दाखवा."

दुसऱ्या दिवशी बायकोला एका हाताने धरून, दुसऱ्या हातात अख्खा खण पिशवीत भरून तो हजर झाला. बाईंनी शंभरचं खोकं उचललं. उघडलेलंच नव्हतं. पन्नासचंही तसंच.

"हे बंद का?"

"त्यांचा नंबर आला नाही अजून," तो समजावून सांगू लागला. "पंचवीसच्या दोनशे एकोणचाळीस आहेत. त्या संपल्या की पन्नास, मग..."

बाईंनी खोकं टेबलावर ठेवलं. "काका, बायको आहे ती. सिमेंट नाही."

बायकोला हे सगळं समजायला मिनिटभर लागलं. "असं होय," ती म्हणाली. "चला घरी. थंडी वाजतेय."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला रात्री जेवण गेलं असतं.

बाईंनी पन्नासची नव्याने सुरू केली. "गुण हळूहळू येतो. सहा आठवडे धीर धरा, मग बघू."

गुण हळूहळूच आला. तिसऱ्या आठवड्यात शाल निघाली. पाचव्यात शब्द सापडू लागले. सहाव्यात, मंगळवारी सकाळी पावणेसातला, राग आला.

"पंचवीस!" कप आपटत ती कडाडली. "मी इकडे मरणाच्या तयारीला लागले, रोज तुमच्याकडे बघून डोळे पुसत होते, आणि औषध आत रांगेत उभं? जन्मभर खिळे मोजलेत, घरात माणूस किती उरलंय ते दिसलं नाही?"

तिने मॅनेजरला काढलं, कारखान्याला काढलं, सासरच्या तीन पिढ्यांना काढलं. एवढं सगळं, एकदाही शब्दाला न अडता. त्याचे डोळे भरून आले. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"बसून बोल गं. दमशील."

"दमायला काय झालंय मला?" ती ओरडली, आणि आपलंच बोलणं ऐकून गप्प झाली.