कासवाच्या उताऱ्यात दूध

आमच्या चौथीच्या मुलांचं वाचन ऐकून तपासणीला येणारे साहेब खुर्चीवरून खाली पडतील, असं मी मोठ्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं! हिशेब सोपा होता. वर्षाच्या सुरुवातीला मुलांनी कासवाचा उतारा अडखळत वाचला होता. तोच उतारा आता वर्षअखेरीला वाचायचा. जेवढा फरक, तेवढी शाळेची प्रगती. फरक कमी पडला तर आमचा वर्ग बंद आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत!

"सर, सगळं तुमच्यावर आहे हं!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, निर्धास्त राहा!"

हुकमी एक्का माझ्या खिशात होता. माझा आवाज म्हणजे गंजलेलं फाटक. म्हणून पहिल्या चाचणीनंतर बायकोनं हा उतारा वाचून माझ्या फोनवर रेकॉर्ड करून दिला होता, स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच. पुढे थोड्याच दिवसांत ती गेली. तेव्हापासून मी तो वर्गात रोज लावायचो. मुलांसाठीच, असं सगळ्यांना सांगायचो.

साहेब आले. त्यांनी घड्याळ काढलं. पहिली उठली दोन वेण्यांची चुणचुणीत मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणतात.

"कासव हळूहळू काठावर आले," भिंगरी सुसाट सुटली. "त्याने मान बाहेर काढली आणि अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करा! इकडेतिकडे पाहिले."

साहेबांनी चष्मा पुसला. "हे कुठे लिहिलंय, बाळ?"

"असंच आहे ते, सर!"

दुसरा उठला. त्यानं तर कासवाची मान बाहेर येण्याआधी बायकोसारखं खोकूनही दाखवलं! मग गॅस. तिसऱ्या मुलीचाही गॅस!

"पुस्तकं मिटा," साहेब म्हणाले. मुलांनी पुस्तकं मिटली. उतारा चालूच!

"अहो सर, ही मुलं वाचतायत की टेप लागलीय?"

मोठ्या बाईंचा चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा झाला. तेवढ्यात अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करा!"

आणि मला आठवलं. घर शाळेच्या मागेच. मधल्या सुट्टीत मी खरंच दूध तापत ठेवून आलो होतो!

"आलोच!" म्हणून जो पळालो, तो थेट ओट्यापाशी. भांड्याचा कोळसा झाला होता.

परत आलो तर साहेब निघत होते. मी गेल्यावर त्यांनी मुलांना नवाच उतारा दिला होता. मुलं सुसाट नाही, पण नीट वाचत गेली म्हणे. पूर्णविरामाला थांबत, प्रश्नाला आवाज चढवत. अगदी तिच्यासारखी. आमचा वर्ग शाबूत राहिला. साहेबांचा शेरा होता : 'मुलांची प्रगती चांगली. शिक्षकांबद्दल न लिहिलेलं बरं.'

ते रेकॉर्डिंग आता वर्गात लावत नाही. घरी दूध ठेवलं की लावतो. वेळेवर आठवण होते.

तरी काल उतू गेलंच! ऐकत बसलो होतो.