सोळा तांबड्या बादल्या

धुळ्याच्या जीवरामशेठच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनात आगीच्या बंदोबस्ताचे सगळे काही होते. फक्त पाणी नव्हते. भिंतीला सोळा तांबड्या बादल्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत 'आग' लिहिलेले होते आणि प्रत्येकीत एक कोळी सहकुटुंब नांदत होता. नवे इन्स्पेक्टर दाबके यांनी डोकावून पाहिले.

"सोमवारी येतो. बादल्या भरलेल्या नसल्या तर परवाना नाही."

परवाना नाही म्हणजे ऐन हंगामात जिनाला कुलूप आणि सगळा कापूस समोरच्या, शेठजींच्याच भाच्याच्या जिनात. शेठजींना आगीचे इतके भय कधीच वाटले नव्हते.

बादल्या भरल्या. भरलेल्या बादल्यांची सवय नसलेले खिळे निखळले, म्हणून बादल्या आवारात ओळीने मांडल्या. नेमक्या तिथेच कापसाच्या गाड्या सुटत. सोनगीरच्या लोटनच्या बैलजोडीने बघता बघता चार बादल्या संपवल्या.

"अरे लोटन! कायद्याचं पाणी आहे ते!" शेठजी काठी घेऊन बैलांवर धावले.

"नाना, बादलीवर लिखेल शे, पन बैलस्ले वाचता येत नही."

रविवारपर्यंत बादल्या तीनदा भरल्या आणि तीनदा रिकाम्या झाल्या. शेवटी सुकदेव मुनीमांनी तोड काढली. मुनीम इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेले. त्यांना शास्त्र धोक्यापुरते कळत असे.

"शेठजी, प्रत्येक बादलीत थोडं घासलेट टाकू. वासानं बैल फिरकणार नाहीत."

"थोडं कशाला? बैल मोठे आहेत."

सोमवारी एकाही बैलाने तोंड लावले नाही. दाबकेसाहेबांनी सोळा काठोकाठ बादल्या मोजल्या, दुरूनच; सर्दीमुळे त्यांना वासही आला नाही. सहीसाठी टाक बाहेर आला. तेवढ्यात त्यांची कर्तव्यबुद्धी जागी झाली.

"एकदा प्रात्यक्षिक होऊन जाऊ द्या."

आवाराच्या मधोमध टाकाऊ कापसाचा ढीग करून त्याला काडी लावली. मुनीम काही सांगू पाहत होते; शेठजींनी डोळे वटारले, आणि मालकाचा मान म्हणून पहिली बादली स्वतः ओतली. ढीग भडकला.

"आणखी ओता!" साहेब पुढे सरसावले.

दुसऱ्या बादलीला साहेबांची उजवी भुवई गेली. शेवटी लोटनने आपल्या गाडीतले गोणपाट घागरीच्या पाण्यात भिजवून ढिगावर टाकले, तेव्हा कुठे आग विझली.

"हे कसलं पाणी?" उरलेली भुवई चढवत साहेबांनी विचारले.

"विहिरीचं, साहेब. अगदी ताजं," शेठजी म्हणाले.

"मंग बैल काब्र पित नहीत?" लोटनने भोळेपणाने विचारले.

साहेबांना प्रश्न पटला. त्यांनी तिथल्या तिथे अट लिहिली: बादलीतले पाणी बैलाने पिऊन दाखवावे, मग सही.

बादल्या राखेने घासल्या, नवे पाणी भरले. लोटनच्या बैलाने पहिली बादली हुंगली आणि मान फिरवली.

"पी ना रे राजा," शेठजी त्याच्या गळ्यात हात घालून म्हणाले. "लोटनभाऊ, तू तरी सांग त्याला!"

"त्याना ध्यानमा काठी शे, नाना."

साहेबांनी घड्याळ पाहिले. "बैल नसेल, तर मालक चालेल."

शेठजींनी एकदा भाच्याच्या जिनाकडे पाहिले आणि पहिल्या बादलीत ओंजळ बुडवली. सोळाव्या ओंजळीला सही झाली.

रात्री जेवायच्या वेळी शेठजींना घासलेटच्या वासाचा ढेकर आला. शेठाणी पुष्पाबाईंनी चुलीपुढचा त्यांचा पाट उचलला आणि अंगणात नेऊन मांडला.