एकाहत्तराव्या मिनिटाच्या टाळ्या

माझं नियोजन चुकत नाही! एकतीस वर्षं मी थॉर्नवेलच्या बसची वेळापत्रकं लावली. त्यामुळे फेब्रुवारीत डोरीन गेली तेव्हाच ठरवलं, बायकोला टाळ्या मिळवून द्यायच्याच.

आमच्या फुटबॉल क्लबात पद्धत आहे. क्लबचं माणूस गेलं की पुढच्या सामन्यात त्याच्या वयाइतक्या मिनिटाला सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवतं. डोरीन बहात्तरची. त्यातली पन्नास वर्षं तिने थॉर्नवेल टाऊनला हरताना बघितलं. एवढ्या शिक्षेला टाळ्या हव्यातच!

पण यंदा क्लबमध्ये सगळाच गोंधळ. मालकाने सरावाचं मैदान विकलं, चार प्रशिक्षक हाकलले. ऑफिसात फोन उचलायला माणूस नाही. शेवटी चाहत्यांच्या समितीच्या क्लाइव्हला गाठलं.

"बहात्तरावं नाही जमणार रे विल्फ! मालकाच्या नावाने बोंब तेव्हाच मारायचीय. क्लब १८७२चा ना! फलक रंगवून झालेत."

"म्हणजे डोरीन चुकीच्या वयात मेली?"

"एकाहत्तरावं घे. वय एक वर्षाने कमी केलं म्हणून कुठली बाई रागावते? मी सांगतो सगळ्यांना."

मोसमातला शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी चौथ्या विभागात टिकणार, हरलो तर खाली. सत्तर मिनिटं झाली तरी गोल नाही. लोक नखं खात होते. मी मात्र मैदानाकडे नाही, घड्याळाकडे बघत होतो. एकाहत्तरावं लागलं. उठलो आणि कडाकडा टाळ्या!

त्याच क्षणी पाहुण्यांनी गोल केला होता.

आमच्या अख्ख्या बाजूला टाळ्या वाजवणारा मी एकटा! क्लाइव्ह डोकं धरून खाली बसलेला.

"हा बघा मालकाचा माणूस!"

"लाज नाही वाटत, म्हाताऱ्या?"

"अरे, बायकोसाठी वाजवतोय!"

"म्हणजे बायकोही तिकडचीच!"

कुणीतरी भिरकावलेली, मटणाचा रस्सा भरलेली पेस्ट्री येऊन माझ्या कानावर फुटली. रस्सा गरम होता. यंदा क्लबमध्ये पहिल्यांदाच काही गरम मिळालं.

पिवळ्या जाकिटातल्या रखवालदार बाईने मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. "काका, असं करतात का? मारलं असतं त्यांनी तुम्हाला!"

मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. कानातून रस्सा गळत होता, डोळ्यांतूनही काहीतरी.

"कितीची होती बायको?"

"बहात्तर."

तेवढ्यात आतून मालकाच्या नावाने बोंब उठली. बाईने आवाजाकडे मान वळवली, मग माझ्यासमोर उभी राहून टाळ्या वाजवू लागली. जाड हातमोजे होते, आवाजच येईना.

"हातमोजे काढ की," मी म्हणालो.

तिने काढले. आम्ही दोघांनी पुरं मिनिटभर वाजवल्या.

"आता परत आत नाही सोडता येणार हां, काका. नियम आहे."

"नको सोडूस गं बाई! आत अजून अठरा मिनिटं खेळ बाकी आहे."