घाटपांडेकाका एकही डाव हरत नाहीत

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधले घाटपांडेकाका बुद्धिबळाचा डाव कधीच हरत नाहीत. रविवारच्या स्पर्धेच्या निकालाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे भोपळा असतो, ती गोष्ट वेगळी. सोमवारी सकाळी ते तुम्हाला दुधाच्या बूथवर गाठतात, पिशवीतून गुंडाळलेला पट काढतात आणि कट्ट्यावर सोंगट्या मांडून सिद्ध करतात, "हे बघ, इथं मी जिंकलेलो होतो!" तोवर हातातलं दूध नासतं.

स्पष्टच लिहिते, मला या माणसाचा संताप यायचा. कारखान्याच्या कँटीनमध्ये कंत्राटी कामगारांना बसू देत नाहीत, म्हणून मी पत्रकं वाटत हिंडत होते. आणि तिथलाच हा सुपरवायझर, ज्याचा शब्द लोक ऐकतात, तो माझ्या पत्रकाच्या पाठीवर घोड्याच्या चाली लिहायचा! काकू मुलाकडे नाशिकला. यांनी फोनवर "अगं, माझा उंट..." म्हटलं की त्या फोन ठेवतात.

"मोबाइलला विचारा ना काका, एका सेकंदात चूक सांगतो," मी एकदा वैतागून म्हटलं.

"चूक सांगतो गं. पण मला तिथं काय वाटलं होतं, ते विचारतो का?"

तेव्हा उलगडा झाला. स्पर्धेत डाव संपला की दोघा खेळाडूंनी बाहेर बसायचं, तोच डाव पुन्हा मांडायचा आणि भांडायचं, अशी जुनी रीत. तिला पोस्टमॉर्टेम म्हणतात. काका स्पर्धेला जातात ते त्या भांडणासाठी. समोर येतात क्लासची पोरं. डाव संपला की आईबाप त्यांना घेऊन पळतात. काकांसमोर कुणी बसतच नाही. या शहरात बुद्धिबळाची शिकवणी झाली आहे, आणि शिकवणीत म्हाताऱ्याशी बोलण्याचे मार्क नसतात.

"पुढारीणबाई, रविवारी तू माझ्या डावाला ये, मी तुझ्या गेटसभेला येतो," काका म्हणाले. सौदा ठरला.

चेन्नईत तिरुवल्लिकेणी भागातल्या एका शाळेत स्पर्धा होती. आणि काका चक्क जिंकले! समोर होती दहा-अकरा वर्षांची मुलगी. व्हरांड्यात तिचा बाप तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असा, तिला झापत होता, "त्या म्हाताऱ्याकडून हरलीस? त्या म्हाताऱ्याकडून?"

काकांनी घाईघाईनं बाकावर पट मांडला. "सार, अंजु निमिषम्, पाचच मिनिटं," म्हणत त्याला थांबवलं आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये पटवायला लागले, की पोरगी फार सुंदर खेळली, तिनं इथं हत्ती आणला असता तर हा म्हातारा संपलाच होता! जन्मात पहिल्यांदा हा माणूस स्वतःच्या विरुद्ध बोलत होता. बाप घड्याळ बघत होता.

"इल्ल तात्ता," मुलगी म्हणाली. नाही आजोबा. तिनं डोळे पुसले आणि काकांचाच घोडा उचलून पुढे ठेवला. "हत्ती आणला असता तर तुम्ही हे खेळला असता. मग मी काय करणार?"

काका वाकून बघतच राहिले. "हे मला दिसलंच नव्हतं."

"मला दिसलं होतं. म्हणून तर नाही आणला."

बापानं तिचा दंड धरला आणि फाटकाबाहेर नेलं. मी मागे धावत जाऊन त्याला चार शब्द सुनावले. सगळे मराठीत. त्याला काय कळणार, कपाळ!

परत आले तर पुढच्या फेरीची घंटा होऊन गेलेली. काका बाकावरच.

"काका, तुमचं घड्याळ सुरू झालं. उठा, आत चला, न खेळताच हराल!"

"थांब गं," पटावरची नजर न काढता ते म्हणाले, "तिला आणखी काय काय दिसलं होतं, ते बघू दे."