खाचणेनानांच्या अक्षता

आमच्या विद्यापीठाच्या कलादालनात पुढच्या रविवारी चित्रांचं प्रदर्शन आहे, ही बातमी खाचणेनानांनी मला माझ्या कपाळाला कुंकू लावून दिली.

मी ऑफिसात टेबलाशी बसलो होतो. समोर नाना, हातात पितळी वाटी, वाटीत हळदीनं पिवळे केलेले तांदूळ. त्यांनी माझ्या कपाळावर बोट टेकवलं, चार दाणे उघड्या फायलीवर ठेवले आणि म्हणाले, "सहकुटुंब, सहपरिवार यायचं. तोंड दाखवून पळायचं नाही."

आता गंमत अशी की या प्रदर्शनाची बातमी मीच लिहिली होती. 'आगामी कार्यक्रम' असा मथळा टाकून वर्तमानपत्रांना पत्रकं पाठवायची, हीच माझी नोकरी. त्याच फायलीवर नानांचे तांदूळ पडले होते.

"नाना, मला ठाऊक आहे हो."

"ठाऊक असणं वेगळं. मानानं बोलावलं का तुम्हाला कोणी? मानानं?"

मानानं बोलावलेलं नव्हतं, हे खरंच होतं. मी फायलीवरचे दाणे वेचून खिशात टाकले.

नाना बोदवडकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. विद्यापीठ तेव्हा अगदी नवं. महामार्गाच्या कडेला माळावर चार इमारती, दोन कडुनिंब आणि उरलेलं सगळं ऊन. त्यातल्या एका इमारतीत लांबट हॉल रिकामा होता. कुणाच्या तरी मनात आलं, त्याला कलादालन म्हणू या. कलादालन म्हटल्यावर ते बघायला कुणीतरी हवं, म्हणून मानधनावर नाना आले. मानधन इतकं बेताचं होतं की नाना त्यातला 'मान' तेवढा घरी नेतात, असं आम्ही म्हणायचो. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, शर्टाच्या खिशाला कायम निळा डाग. डाग रंगाचा होता, पण दिसायचा शाईचा, त्यामुळे नवीन माणूस त्यांना हेडक्लार्क समजून रजेचा अर्ज द्यायचा. नाना तो वाचायचे आणि "जा, आईची तब्येत आधी" म्हणून मंजूरही करायचे.

पोस्टर या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "भिंतीवरचा कागद शेळी वाचते," असं ते म्हणत. आणि आमच्या आवारात ते अक्षरशः खरं होतं. शेजारच्या गावच्या शेळ्यांनी आमचा अख्खा युवक महोत्सव खाल्लेला मी स्वतः पाहिला आहे. तेव्हा नानांची पद्धत एकच. कार्यक्रम म्हणजे घरचं लग्न. तारीख ठरली की ते म्हणत, "तिथी निघाली." चित्रं भिंतीला लागली की "नवऱ्या उभ्या राहिल्या." प्रमुख पाहुणा म्हणजे व्याही. तो रुसणार, हे ते धरूनच चालत. एकदा पुण्याचे एक समीक्षक स्टेशनवर न्यायला गाडी वेळेत आली नाही म्हणून खरोखरच रुसले, तेव्हा नानांना केवढा आनंद झाला! "बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणत त्यांनी पाहुण्यांना गोड शिरा खाऊ घातला. समीक्षक विरघळले आणि भाषणात नानांच्या शिऱ्यावरच जास्त बोलले.

नानांनी स्वतःचं चित्र मात्र कधी प्रदर्शनात लावलं नाही. मी एकदा विचारलं. म्हणाले, "घरच्या माणसानं पहिल्या पंगतीला बसू नये."

श्रोते जमवण्याच्या बाबतीत तर त्यांना कुठलाच विधिनिषेध नव्हता. एकदा सतारवादनाला हॉलमध्ये मोजून तीन ओळखीची तोंडं, म्हणजे मी, वायरमन आणि वॉचमन. तेवढ्यात महामार्गावर एका वऱ्हाडाचा टेम्पो पंक्चर झाला. नाना धावत गेले आणि चाक बदलेपर्यंत म्हणून सगळं वऱ्हाड आत घेऊन आले. वऱ्हाड रंगलं. प्रत्येक समेला करवल्या टाळ्या वाजवत होत्या. चाक कधीच बदलून झालं होतं, पण नवरदेव उठेना. पुढे मुहूर्त टळला की गाठला, कुणास ठाऊक.

तर हे प्रदर्शन. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतल्या मुलामुलींनी काढलेली चित्रं. या वेळी नानांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. परीक्षा विभागाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा नव्हती आणि कलादालनाकडे त्यांचा डोळा होता. कुलसचिवांनी नानांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "नाना, मला लोक दाखवा. रविवारी हॉल भरला तर हॉल तुमचा. नाही भरला, तर सोमवारपासून गठ्ठे आत."

नानांनी वाद घातला नाही. घरी जाऊन द्वारकाकाकूंना म्हणाले, "तांदूळ भिजवा."

मग आठवडाभर नाना आणि काकू लूनावर फिरले. नाना पुढे, काकू मागे, काकूंच्या मांडीवर कुंकवाचा करंडा. बायकांना कुंकू लावायचं तर बाईमाणूस हवं, म्हणून काकू. आधी जळगावातली सराफांची गल्ली, मग डाळमिलचे कामगार, नशिराबाद, आणि एक दिवस पॅसेंजरनं थेट बोदवड. उंबऱ्याबाहेर चपला काढून, आत जाऊन, पाणी पिऊन, रीतसर. कुणी विचारलं, "कोणाचं लगन?" तर नाना स्वच्छ सांगत, "लग्न नाही, चित्रं आहेत. पण यायचं तसंच."

मला मनातून खात्री होती की यांच्या बोलावण्याला कुणी येत नाही. रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि त्या तासाला आमच्या जिल्ह्यात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसायचं. त्यात ऊन. मी नानांना म्हटलंही, की वेळ संध्याकाळची ठेवा. ते म्हणाले, "खेड्यावरच्या माणसानं परत कधी जायचं?"

रविवार उजाडला. हॉल झाडून-पुसून लख्ख. दाराला आंब्याचं तोरण. कुलसचिव आले, उद्घाटक आले, फीत आली, कात्री आली. लोक आले नाहीत. परीक्षा विभागाचे बोरसे मात्र वेळेच्या आधीच हजर होते, आणि तेही डबीतली मोजपट्टी घेऊन. बोरसे माझ्यासारखेच धुळ्याचे. आम्ही दोघं भेटलो की ऑफिसची भाषा गुंडाळून घरची बोली बोलायचो. त्यांनी एका केळीबागेच्या चित्राखाली पट्टी धरली आणि मला म्हणाले, "भाऊ, बठ्ठा गठ्ठा आठे माई जातीन." म्हणजे सगळे गठ्ठे इथे मावतील.

"आज तरी राहू द्या हो बोरसे," मी म्हणालो. मला ती पट्टी बघवेना. कुलसचिव घड्याळ बघत होते. उद्घाटकांनी दुसऱ्यांदा पाणी मागितलं. नाना फाटकाजवळ उन्हात उभे होते, हात मागे बांधून. काकू दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. त्यांनी नवी, त्याच दिवशी घडी मोडलेली जरीकाठी साडी नेसली होती आणि ताटातलं कुंकू वाऱ्यानं उडू नये म्हणून पदरानं सारखं झाकत होत्या. कुलसचिव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आपण आटपून घेऊ या का?" मी नानांच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ वळवून त्यांना हे कोण सांगणार?

आणि मग आधी वाजंत्री ऐकू आली.

महामार्गावरून पहिला टेम्पो आत वळला. त्यामागे दुसरा. मग ट्रॅक्टर, ट्रॉलीत बायका आणि पोरं. बोदवडच्या पॅसेंजरला उशीर झाला होता आणि टेम्पो-ट्रॅक्टरवाले स्टेशनवर तिच्यासाठी थांबले होते, एवढंच काय ते. ट्रॉलीतून सनई-संबळवाले उतरले, फेटे बांधलेली म्हातारी माणसं उतरली, काठापदराच्या साड्या उतरल्या. मागून रिक्षा, सायकली. सराफांच्या गल्लीतले लोक मालिका अर्धी सोडून आले होते आणि पुढं काय झालं असेल, यावर आपसात वाद घालत होते.

बोरसेंच्या हातातली पट्टी सर्रकन डबीत गेली. "बठ्ठं गाव उनं रे भो! आते रॅक कथा लावाना?" आता रॅक कुठे लावायचे, हाच त्यांना प्रश्न पडला.

फीत कुणी कापली, हे आजही कुणाला सांगता येणार नाही. गर्दीनंच ती तुटली असावी. लोक आत शिरले आणि लग्नघरात फिरतात तसे फिरू लागले. एका चित्रापुढे म्हाताऱ्यांचा घोळका जमला. "हे बैल कोनाचे?" "आपल्या तिकडले दिसता." "शिंग पाह्य ना, आपल्या तिकडले नाही." एक बाई सातपुड्याच्या पायथ्याच्या चित्रापुढून हलेनाच. तिचं माहेर तिकडचं होतं. काढणारी पोरगी धुळ्याच्या कॉलेजातली, ती शेजारी उभी राहून लाजेनं लाल झाली होती. तिला त्या बाईनं जवळ ओढलं आणि कानशिलांवर बोटं मोडली.

पण खरी पंचाईत पुढेच होती. मी पाहिलं, तर प्रत्येकाच्या हातात काही ना काही. पिशवी, पुडकं, पितळेचा तांब्या, नारळ. नशिराबादच्या एका शेतकऱ्यानं तर केळ्यांचे घडच टेम्पोतून उतरवले. अक्षता घरी आली म्हणजे रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. चित्रं असोत नाहीतर मुंज असो, आहेर आलाच. नानांनी बोलावण्याची रीत पाळली होती, पण पुढची रीत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

"अहो, हे काय?" नाना घाबरले. "आहेर नको! चित्रं पाहा, चित्रं!"

"चित्रं पाह्यली," बोदवडचे एक फेटेवाले आबा पुढे आले. "आता तुम्ही बसा."

"आबा, हे लग्न नाही."

"मले समजते. मास्तर, माह्या चारी पोरींच्या लग्नात घराची भिंत कोनं रंगवली? हत्ती कोनं काढले? एक पैसा घेतला नाही, वर आहेर करून गेले. बठ्ठ्या गावात असंच. अन् तुमच्या घरची अक्षता आमच्याकडे कधी आलीच नाही. मंग आम्ही आहेर न्यावा कोठी?"

मला तोवर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नानांनी लग्नघरांच्या भिंती रंगवल्या होत्या, हेही नाही आणि त्यांना मूलबाळ नव्हतं, हेही नाही. एकाच कचेरीत बसतो आपण, आणि विचारत मात्र काही नाही.

"आज आली अक्षता," आबा म्हणाले. "आता गपचूप बसा."

दोन खुर्च्या मधोमध ओढल्या गेल्या. नाना आणि काकू बसले. म्हणजे बसवले गेले. आबांनी नानांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर उपरणं टाकलं. बायकांनी काकूंची ओटी भरली. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. खणांची चळत मांडीवर मावेना. काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि नाना त्यांना दटावत होते, "अगं, लोक बघतायत," आणि स्वतः उपरण्याच्या टोकानं नाक पुसत होते. सनईवाल्याला राहवलं नाही, त्यानं सूर धरला. बोरसे खिसे चाचपत होते. शेवटी त्यांनी मोजपट्टीच नानांच्या हातात ठेवली. "नाना, ऱ्हाऊ द्या. चित्रं लावाले कामे यी."

कुलसचिवांच्या एका हातात केळं होतं. ते त्यांनी घाईघाईनं संपवलं, उद्घाटकांसाठी आणलेली शाल मागवली आणि नानांवर घातली. उद्घाटकांनी उठून टाळी वाजवली. भला माणूस. मग कुलसचिव बोरसेंना म्हणाले, "गठ्ठ्यांचं असं करा, जिन्याखालची खोली साफ करून घ्या." मीही एक केळं घेतलं.

दुपारपर्यंत मंडळी परतीला लागली. नाना एकेका टेम्पोशी जाऊन निरोप देत होते. मी आत खुर्च्या लावत होतो. काकू एकट्याच बसल्या होत्या, खणांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत.

"भाऊ, तुम्हाला सांगते," त्या म्हणाल्या. "हॉलची त्यांना एवढी चिंता नव्हती. हॉल गेला असता तर घरी बसले असते. सकाळी निघताना मला म्हणाले, कोणी नाही आलं तर तू रडायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात राबलो हो आम्ही. आपण बोलावलं तर कोणी येतं का, हे कधी कळलंच नव्हतं."

मी खुर्ची होती तिथेच ठेवली.

नाना आत आले. टोपी तशीच, शाल, उपरणं, सगळं अंगावर, घामानं निथळत होते. पंखा लावा म्हणाले. मग काकूंच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि भिंतींवरच्या चित्रांकडे न बघता दाराकडे बघत राहिले. दारात फक्त ऊन आणि चपलांनी उडवलेली धूळ होती.

"जेवू न घालता पाठवलं सगळ्यांना," ते म्हणाले. "हे काही बरं झालं नाही."

"केळी खाल्ली ना सगळ्यांनी," काकू म्हणाल्या.

"हो. केळी खाल्ली." काकूंचा हात नानांनी खणांवरून उचलून आपल्या हातात घेतला. मी समोर आहे, हे ते विसरले असावेत.

"आले गं," ते म्हणाले. "सगळे आले."