सासूबाईंचं अंतरंग

माणसाचं खरं सौंदर्य चेहऱ्याच्या आत असतं, असं जावयाचं ठाम मत होतं. ते बाहेर काढायला माणशी दीड तास लागतो, हेही त्याचंच मत. त्यामुळे ज्यांना ओळखपत्रापुरता फोटो पाच मिनिटांत हवा असायचा ते मुकाट्याने समोरच्या दुकानात जायचे, आणि जावई आपल्या स्टुडिओत माश्या मारत बसायचा.

स्टुडिओ म्हणजे सासूबाईंच्या घराची रस्त्याकडची खोली. तिच्यावर मेहुण्याचा केव्हाचा डोळा होता. त्याचं फरशांचं दुकान होतं आणि माल ठेवायला जागा पुरत नव्हती. रोजच्या कटकटीला कंटाळून शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला.

"रविवारी मला पंचाहत्तर पुरी होतायत. माझा एक फोटो काढा, जावईबापू. चार माणसांनी चांगला म्हटला तर खोली तुमची. नाही तर सोमवारी फरशा येतील."

हे ऐकून जावयाच्या बायकोने कपाळाला हात लावला. आईचा चेहरा तिला ठाऊक होता. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आई अशी बसली होती की शेजारी नवरा नाही, चोर पकडून बसवलाय असं वाटावं.

शनिवारी दुपारी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून स्टुलावर बसल्या. लेक कॅमेऱ्याशेजारी पांढरा पुठ्ठा धरून उभी राहिली, आईच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून.

"आई, एखादी सुखाची आठवण मनात आणा," जावई म्हणाला.

सासूबाईंनी डोळे मिटले.

"आली का?"

"आली होती. तुम्ही बोललात, गेली."

"बरं, नातवाचा विचार करा."

"गणितात नापास झालाय तो," सासूबाई म्हणाल्या, आणि चेहरा होता त्यापेक्षा कडू झाला.

जावयाकडे एक हुकमी डाव होता. खोटंच 'झालं' म्हणायचं, बाजूला व्हायचं, आणि समोरचा सैल पडला की हातातल्या लांब वायरचं बटण हळूच दाबायचं. "झालं, आई," असं म्हणून तो दिव्याशी उगाच खुडबुड करायला लागला.

सासूबाईंना कमी ऐकू यायचं. त्यामुळे त्या कुजबुजल्या की चार घरांना ऐकू जायचं. "बघितलंस ना?" त्या लेकीला कुजबुजल्या. "घराला आग लागली तर हा माणूस आधी आगीचं अंतरंग शोधत बसेल."

आणि काय सांगावं, चेहरा उमलला. डोळे लकाकले, सुरकुत्या आपापल्या जागी जाऊन बसल्या. जावयाने बटण दाबलं. पण लेक हसली, पुठ्ठा हलला आणि सगळा उजेड छतावर गेला.

दुसरा कोणी असता तर फणकारून बाहेर पडला असता. पण हा पडला कलावंत. त्याने मुद्दाम दिव्याचा एक स्क्रू पाडला आणि तो शोधायला टेबलाखाली शिरला.

"धांदरट," सासूबाई खुलल्या. "तरी मी तेव्हा सांगत होते, त्या बँकेतल्या मुलाला हो म्हण."

हे मात्र त्याला लागलं. दहा वर्षांत ही बँक त्याने पहिल्यांदाच ऐकली होती. तो तिरीमिरीत उठला, टेबलावर डोकं आपटलं, तोल सावरायला त्याने खिडकीचा काळा पडदा धरला, आणि पडदा दांडीसकट त्याच्या अंगावर आला. खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन थेट सासूबाईंच्या तोंडावर पडलं. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पडद्याखालून जावयाचा एकच हात बाहेर होता आणि नेमकं त्यातच बटण होतं.

रविवारी फोटोवरचं कापड काढलं तेव्हा खोलीभर पाहुणे माना उंचावून बघू लागले. सासूबाई स्वतःच पुढे झाल्या. "मी अशी दिसते होय?" त्या हळूच म्हणाल्या. यावेळी खरंच हळू, कारण शेजारच्या बाईंनाही ते ऐकू गेलं नाही. त्या बाई आपल्याच नादात फोटोकडे बघत म्हणाल्या,

"काय माया आहे हो डोळ्यांत. कोणाकडे बघत होतात?"

सासूबाई केककडे वळल्या.

"यांच्याकडे," लेक नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मेहुणा फोटोसमोर येऊन उभा राहिला. "आई, माझ्याकडे तू जन्मात कधी असं बघितलं नाहीस. जावयावर एवढा जीव असेल तर मी फरशा कुठल्या तोंडाने आणू? राहू दे ती खोली त्यांनाच."

एवढ्या लोकांसमोर खरं काय ते सांगायची सासूबाईंची प्राज्ञा नव्हती. त्या केकचा तुकडा तोंडात घालून बसून राहिल्या.

सोमवारी सकाळी फरशा आल्या नाहीत. आल्या त्या सासूबाई, आणि मागोमाग त्यांची धाकटी बहीण, ठेवणीतल्या कपड्यांत. जावयाने लगबगीने स्टूल पुसलं.

"बसा मावशी. आता एखादी सुखाची आठवण..."

"आठवणबिठवण नको," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याबद्दल तिला वाटेत सगळं सांगितलंय मी. तुम्ही फक्त तो पडदा परत पाडा."