दचकोबाने दचकणं सोडलं

एका जंगलात, बाळांनो, एक पाणवठा होता. बिबट्याही तिकडेच फिरत असे, त्यामुळे पाणी प्यायचं तर जीव मुठीत धरून. म्हणून जंगलाने एक रीत पाडली होती. उन्हं उतरली की एका भेकराने टेकाडावर उभं राहायचं. बिबट्या दिसला की भुंकायचं. भेकर भुंकलं की सगळ्यांनी पळायचं. भेकर गप्प असलं की खुशाल मान खाली घालून पाणी प्यायचं.

हे काम दचकोबा भेकराच्या घराण्याकडे होतं. घराणं पिढीजात घाबरट. दचकोबाचे वडील तर वाळकं पान पडलं तरी भुंकत. चितळं त्यांना हसत, पण पळत. त्यांच्या काळात पाणवठ्यावर कोणी मेलं नाही.

मग जंगलात सिनेमा आला. एका वटवाघळाने गुहेत पडदा लावला आणि दुपारचे खेळ सुरू केले. ते स्वतः उलटं लटकून बघायचं, त्यामुळे त्याला सगळेच चित्रपट भीतिदायक वाटत.

पहिला आला तो कोयतापट. पाच पाडसं सहलीला जातात, पडक्या झोपडीत उतरतात आणि कोयता घेतलेला एक मुखवटेवाला त्यांना एकेक करून कापतो. पाडसंही अशी हुशार, की दोघं मेल्यावर उरलेली म्हणतात, आपण वेगवेगळ्या दिशांना जाऊन शोध घेऊ या. सशांना हे फार आवडलं. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत मेलेले मोजत बसले. पाणवठ्याजवळच्या जांभळीवर राहणारी तानाक्का खार तर पडद्यावर ओरडायची, "अगं बये, मागं बघ!" पडद्यावरची बया कधीच बघत नसे. तानाक्काने ओरडणं सोडलं नाही.

दचकोबाही गेला होता. मुखवटेवाला दाराआडून निघाला आणि दचकोबा भर गुहेत भुंकला. घराण्याची सवय, दुसरं काय. सगळी गुहा हसली. एक ससा तर ठसका लागेपर्यंत हसला. दचकोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी त्याने ठरवलं, पुन्हा म्हणून दचकायचं नाही.

न दचकणाऱ्याला जंगलात दोनच जागा होत्या. एक बिबट्याची आणि एक समीक्षकाची. बिबट्याची भरलेली होती.

तेवढ्यात मनोभयपट आला. त्यात एक मुंगूस अडीच तास रिकाम्या वारुळाकडे बघत बसतं. वारुळातून शेवटपर्यंत काही येत नाही. ससे झोपले. दचकोबाला मात्र गहिवरून आलं, कारण अडीच तासांत दचकायची एकही जागा नव्हती. त्याने सागाच्या पानावर पहिला लेख लिहिला आणि पोपटांनी तो झाडोझाडी वाचून दाखवला. कोयता दिसला की भीती मेली, असं त्यात म्हटलं होतं. खरी भीती दिसत नाही, ती आत असते. आत म्हणजे कुठे, असं एका सांबराने विचारलं. दचकोबाने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की ते बिचारं आठवडाभर स्वतःचं पोट चाचपत होतं.

मग दचकोबा चित्रपटांना पाचपैकी शिंगं देऊ लागला. कोयतापटांना अर्धं शिंग, तेही मोडकं. मुंगसाला पाच. बघता बघता जंगलाला अभिरुची आली. चितळं पाडसांना शिकवू लागली की किंचाळणं गावंढळपणाचं आहे. वाळकं पान पडलं तर मान वर करायची नाही, फक्त "हं" म्हणायचं. असल्या "हं"ची मला मनस्वी चीड आहे, बाळांनो, पण ते असो.

तानाक्काला गुहेत शेवटच्या रांगेत बसवलं. तिने एकदा दचकोबाला गाठलंच.

"दादा, शिणेमा खोटा आसंल. पर मागं बघायची सवं खरी हाय की."

"तानाक्का," दचकोबा म्हणाला, "ज्याला पडदा कळत नाही, तोच मागे बघतो."

पुढे एके दिवशी उन्हं उतरली. दचकोबा टेकाडावर उभा होता. खाली चितळांनी एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्याला तोंड लावलं.

मागे काटकी मोडली.

दचकोबाच्या अंगावर काटा आला. भुंकणं थेट गळ्यापर्यंत आलं. त्याने ते गिळलं. काटकी! चाळीस कोयतापटांत मोडून झालेली काटकी. मग पाखरं एकाएकी गप्प झाली. हीही जुनीच युक्ती. मग समोरच्या गवतावर एक लांब सावली पडली. दचकोबाला हसूच आलं. मावळतीचा उजेड घेऊन सावली पाडायची, हे तर नवशिक्यालाही जमतं. पाठोपाठ एक उग्र वास आला. वास कुठल्याच चित्रपटात नव्हता, त्यामुळे त्याबद्दल दचकोबाला काही मत नव्हतं.

"दादा, मागं बघ!" जांभळीवरून तानाक्का ओरडली.

झाली हिची सुरुवात, असं चितळं म्हणाली. पण दोन पाडसांना अजून अभिरुची आली नव्हती. ती शेपट्या वर करून पळाली. त्यांच्यामागे आया पळाल्या आणि आयांमागे कळप. टेकाडावर दचकोबा एकटाच उरला. त्याने मान वळवली नाही.

"साहेब," मागून कोणीतरी अदबीने म्हणालं, "आपला प्रत्येक लेख मी ऐकतो. आपण लिहायला लागल्यापासून इथे कोणी ओरडत नाही. फार उपकार आहेत."

इतकी वर्षं लिहिलं, पण असा जाणता वाचक दचकोबाला भेटला नव्हता. त्याचा ऊर भरून आला. कुठला लेख विशेष आवडला, हे विचारायला तो मागे वळला.

तेव्हा तो भुंकला. पण अर्धंच.

चार दिवसांनी गुहेत शोकसभा झाली. आलेला बिबट्या खरा होता की दचकोबाच्या मनातला, यावर पोपटांनी दुपारभर वाद घातला. तानाक्का म्हणाली, मी डोळ्यांनी बघितला. तिला खाली बसवलं. शेवटी अध्यक्ष बोलायला उठले. अध्यक्ष बिबट्याच होता. दचकोबाच्या शेवटाला त्याने दोन शिंगं दिली. ती त्याने सोबतच आणली होती.

टेकाडावरची जागा रिकामी ठेवणं बरं नव्हतं. सभेने ती एकमताने अध्यक्षांना दिली. आता उन्हं उतरली की बिबट्या तिथे उभा राहतो. तो कधीही भुंकत नाही. जाणकार मंडळी खुशाल मान खाली घालून पाणी पितात.

तात्पर्य: बाळांनो, कोणी सावध करायला हाक मारली तर मागे वळून बघू नये, त्याने अभिरुची बिघडते. कोणी कौतुक करत असेल, तर जरूर वळावं.